यॉर्ग विडमानचा व्हायोला कन्चेर्टो कुणी ऐकला आहे का?

कपाशीवाला

मंडळी, या विभागात भजनावर, नाट्यसंगीतावर, रागदारीवर भरपूर धागे आहेत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर मोजके, आणि तिकडे आज जे लिहिलं जातंय त्यावर एकही नाही. म्हणून हा धागा काढतोय.

यॉर्ग विडमान हा म्युनिकचा संगीतकार, जन्म १९७३ चा, स्वतः उत्तम क्लॅरिनेट वाजवतो. त्याने २०१५ मध्ये व्हायोला (व्हायोलिनच्या जातीचं वाद्य) आणि ऑर्केस्ट्रासाठी एक कन्चेर्टो लिहिला, म्हणजे एका मुख्य वादकाने ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना. पहिल्यांदा वाजला तो २८ ऑक्टोबर २०१५ ला, पॅरिसच्या फिलहार्मोनी सभागृहात. कंडक्टर पावो यार्वी, आणि व्हायोलावर आंत्वान तामेस्ती, ज्याच्यासाठी ही रचना लिहिली तोच. मी आधी नुसतं ऐकलं, नंतर तामेस्ती वाजवतो त्याचा व्हिडिओ पाहिला. तुम्ही उलट करा, आधी पाहा. कारण यातली निम्मी गोष्ट वाजवणाऱ्याच्या पायात आहे.

एरवी कन्चेर्टोत मुख्य वादक कंडक्टरच्या डाव्या हाताला उभा राहतो आणि शेवटपर्यंत तिथेच असतो. इथे तो त्या जागेवर नसतोच. हातात व्हायोला आहे, पण गज नाही. वाद्याला हनुवटी टेकवायची जी लाकडी पट्टी असते तिच्यावर तो बोटांनी टकटक करतो. ऑर्केस्ट्रा गप्प. पहिला आवाज हा एवढाच. मग तारा छेडायला लागतो. छेडण्याचे तरी किती प्रकार! हळूच बोटाच्या गादीने, नखाने, तार इतकी ओढून की ती सुटल्यावर लाकडावर फाडकन आपटते, कधी डाव्याच हाताने. आणि हे करताना तो वादकांमधून फिरतो. एका गटापाशी थांबतो, काहीतरी बोलून पाहतो, तिकडून उत्तर येतं किंवा येत नाही, की पुढे जातो. गज हातात येतो तो बऱ्याच उशिरा. व्हायोलासारखं वाद्य, ज्याचा जीव लांब ओढलेल्या सुरात आहे, त्याला इतका वेळ तो सूरच मिळू दिलेला नाही. शेवटी शेवटी एक संथ भाग येतो, आरिया. तिथे पहिल्यांदा तो निवांत गातो.

मी आमच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. आमच्याकडे खंजिरीवाला भजन सुरू व्हायच्या आधी बोटांच्या टोकांनी कातडं चाचपून पाहतो, थंडीत सैल पडलं असेल तर शेकोटीजवळ धरतो, पुन्हा चाचपतो. वाद्य आज बोलणार की नाही हे त्या चाचपण्यात कळतं. कन्चेर्टोची सुरुवात ऐकताना मला तेच आठवलं, आणि म्हणूनच मला ती परकी वाटली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे संगीत ऐकायला पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण लागत नाही. हातात काय आहे आणि माणूस कुठे उभा आहे, एवढं धरून ऐकलं तर पुरतं. ऐकून सांगा.

लय_आयकतो

भाऊ, मी आयकलं काल रात्री. पयले मले वाटलं आवाजच येऊन नाही रायला. फोन कानाले लावला तवा टकटक आयकू आली. मंग मी पुरं आयकलं. समजलं किती हे नाही सांगत, पन अर्ध्यात सोडावं वाटलं नाही. तो मधात वरडते तवा मी दचकलो. खरंच त्यानंच वरडलं ना?

आन् एक सांगा. व्हायोला आन् व्हायोलिन, दोघायत फरक काय? दिसाले तं सारखेच दिसतात.

मधली_तार

हो, ओरडतो तो तामेस्तीच. ते लिहिलेलं आहे, प्रत्येक वेळी तिथे ओरडायचं असतं.

कपाशीवाला दादा, हा धागा पाहून फार बरं वाटलं. मी मूळची वरूडची, आता पुण्यात एका हौशी वाद्यवृंदात व्हायोला वाजवते. माझ्या वाद्याबद्दल मराठीत कुणी विचारतंय हेच माझ्यासाठी नवल आहे, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या.

व्हायोलाला चार तारा. सर्वांत खालची तार १३० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज. तिच्या वरची पंचम, मग तार सप्तकातला रिषभ, आणि सगळ्यांत वरची तार सप्तकातला धैवत. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. व्हायोलिनमध्ये यातली षड्जाची तार नाही, पंचमापासून सुरुवात होते आणि वर एक जास्तीची तार असते. म्हणजे व्हायोला पुरुषाच्या गळ्यात सुरू होतो आणि बाईच्या गळ्याच्या वर जातो. माणसाच्या आवाजाची सगळी जागा त्याच्यात येते.

आता खरी गंमत त्याच्या आकारात आहे. व्हायोलिनचं खोकं साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर लांब. व्हायोला पंचमाने खाली बोलतो, तेव्हा तोच मोकळा आवाज खाली मिळवायचा तर खोकं दीडपट हवं, त्रेपन्न सेंटिमीटरच्या घरात. तेवढं खांद्यावर धरून डावा हात पुढे पोचवणं कुणाला जमणार? म्हणून व्हायोला चाळीस ते त्रेचाळीस सेंटिमीटरवर थांबवतात. सूर खालचा आणि खोकं त्या मानाने लहान. त्यामुळे आवाज जरा दबका, थोडा नाकातला, आणि खालच्या तारेवर खरखरीत येतो. आम्हा व्हायोलावाल्यांचा जीव याच आवाजावर असतो.

भाऊ, फोन कानाला लावावा लागला याचंही कारण आहे. मोबाईलच्या बारक्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत, आणि व्हायोलाच्या खालच्या दोन तारांचे मूळ सूर त्याच टापूत पडतात. निदान पन्नास-शंभर रुपयांचे वायरवाले इअरफोन लावून ऐका. तोच व्हायोला तुम्हाला दुसरा वाटेल.

पेटीमास्तर

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. गावात मुलांना पेटी आणि तबला शिकवण्यातच आयुष्य गेलं. कपाशीवाला, तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मीही नातवाकडून लावून घेऊन पूर्ण ऐकलं, नीट टेबलाशी बसून. आता जे वाटलं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आपल्याकडे गाणं सुरू होण्याआधी तंबोरा लागतो. सा ठरला की बाकीचा प्रत्येक सूर त्याच्याकडे पाहून बोलतो. ऐकणाऱ्यालाही बसायला जागा मिळते. या रचनेत मला ती जागा कितीतरी वेळ सापडली नाही. एक सूर येतो, त्याचं काय झालं ते कळायच्या आत दुसरीकडून पितळी वाद्यं अंगावर येतात. तालाचं तेच. सम कुठे ते शोधत बसलो.

आणि ओरडणं. वादकाने वाद्यातून ओरडावं. सारंगी रडते असं आपण म्हणतो तेव्हा सारंगीवाला रडत नसतो. घशातून ओरडावं लागलं याचा अर्थ वाद्य अपुरं पडलं, हे वादकाने कबूल केल्यासारखं मला वाटतं.

शेवटचा संथ भाग मात्र मी पुन्हा लावायला सांगितला. तो सुंदर आहे. मग माझा प्रश्न असा की तेवढाच का नाही लिहिला?

कपाशीवाला

मास्तर, राग कसला! तुम्ही पूर्ण ऐकलंत यातच सगळं आलं.

तुमचा शेवटचा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून मी एकदा मुद्दाम फक्त आरियाच लावून पाहिली. छान वाटली, संपली, मी दुसऱ्या कामाला लागलो. काही उरलं नाही.

पूर्ण ऐकलं ते रानात. सध्या आमच्याकडे थ्री फेज लाइन रात्री आहे, हरभऱ्याला ओलित चालू आहे. स्प्रिंकलरचे पाइप पालटायचे आणि मधल्या वेळात मोटारीजवळ बसायचं. एका कानात इअरफोन, दुसरा कान उघडा ठेवावा लागतो, कारण मोटारीचा आवाज बदलला की उठायचं असतं आणि रानडुकरं तासात शिरली तर तेही कानालाच आधी कळतं. अशा वेळी ऐकताना माझ्या ध्यानात आलं की हा व्हायोलावालाही तेच करतोय. दुसऱ्याच्या आवाजाकडे कान लावून आहे. एखादा सूर छेडतो आणि थांबतो, पलीकडून काय येतं त्याची वाट पाहतो. ट्यूबा, म्हणजे ते मोठं पितळी वाद्य, गुरकावतो तेव्हा माघार घेतो. त्याला बसायला जागा नाही, म्हणून ऐकणाऱ्यालाही नाही. तुम्ही जी तक्रार केलीत तीच त्या माणसाचीही आहे. ती जागा त्याला आरियात मिळते, आणि इतका वेळ तुम्हीही तिच्यावाचून काढलेला असतो, म्हणून ती लागते. नुसती आरिया तेवढी लागत नाही.

ओरडण्याबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मला ते पटतं, कारण तोवर त्याने टकटक करून पाहिलं, छेडून पाहिलं, गज घासून पाहिला. एवढ्यानंतर माणूस ओरडतोच. पण तुमचा मुद्दा वजनदार आहे.

झाडीतला_प्रेक्षक

सिंदेवाहीकडचा आहे मी. झाडीपट्टी नाटकांत ऑर्गन वाजवतो, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की आमचा घरी पाय ठरत नाही. एका प्रयोगावरून परतताना गाडीत तुमचा धागा वाचला आणि घरी आल्यावर व्हिडिओ पायलो.

मला पहिल्यांदा लक्षात आली ती जागा. आमच्या नाटकात संगीतवाले स्टेजच्या पुढे खाली बसतात, नजर सारखी वर नटाकडे. नट कुठे वळला, वाक्य कुठे तोडलं, त्यावर आम्ही सूर धरायचा. नट कधी आमच्यात उतरत नाही. इथे तर नट वादकांच्या रांगांतूनच फिरतो आणि प्रत्येक वादक त्याच्याकडे पाहून वाजवतो. मी फक्त बासरी, पितळी वाद्यं आणि मोठे ढोल वाजवणाऱ्यांचे चेहरे पाहत पुन्हा एकदा व्हिडिओ लावला. व्हायोला जवळ आला की त्यांची बसण्याची ढब बदलते. एवढं सावधपण मी आमच्याकडे फक्त चांगला नट स्टेजवर असताना पाहिलं आहे.

मास्तर म्हणतात तो आधारस्वर मलाही सापडला नाही, पण नाटक म्हणून पाहिल्यावर मला त्याची उणीव भासली नाही. आमच्याकडचे प्रेक्षक पौषातल्या थंडीत चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. दिवसभर बैलांचा शंकरपट पाहून आलेले असतात तरी हलत नाहीत. सोप्याच गोष्टी त्यांना लागतात असं शहरात समजतात, ते खरं नाही. पुढे काय होणार हे कळू दिलं नाही तर आमचा प्रेक्षक आणखी पुढे सरकून बसतो. त्यांच्यासमोर ही पंचवीसेक मिनिटं नक्की चालतील.

ताई, व्हायोलासाठी असं अजून काय आहे? आणि एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रात त्याचा दबका आवाज दबत नाही का?

मधली_तार

दबतो ना! व्हायोलासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाची पहिली अडचण तीच. व्हायोलिनला उंचावर जागा रिकामी असते, ते सगळ्यांवरून ऐकू जातं. व्हायोला मधल्या सप्तकात, आणि ऑर्केस्ट्राची सगळ्यांत जास्त गर्दी तिथेच. प्रत्येकाने आपापली वाट काढली. पाउल हिंडेमिट स्वतः व्हायोला वाजवायचा. त्याने १९३५ च्या कन्चेर्टोत ऑर्केस्ट्रातले व्हायोलिन आणि व्हायोला दोन्ही काढून टाकले. आल्फ्रेड श्नित्केने १९८५ मध्ये व्हायोलावादक युरी बाश्मेतसाठी कन्चेर्टो लिहिला, त्यात एकही व्हायोलिन नाही. बाश्मेतच्या नावातली अक्षरं जर्मन पद्धतीने स्वर म्हणून वाचून त्याने सुरावट बांधली. दोन संथ भाग आणि मध्ये एक धावता, पिसाट भाग. तो लिहून झाल्यावर थोड्याच दिवसांत श्नित्केला पक्षाघाताचा मोठा झटका आला. वाचला, पण १९८६ च्या जानेवारीत अॅमस्टरडॅमला कन्चेर्टो पहिल्यांदा वाजला तो या आजारपणानंतर. शेवटचा संथ भाग ऐकताना ही गोष्ट डोक्यातून जात नाही. विडमान आवडला असेल तर पुढचा श्नित्केच ऐका.

सोफिया गुबाइदुलिनाचाही एक आहे, १९९६ चा, तोही बाश्मेतसाठी. त्यात ऑर्केस्ट्राच्या आत चार तंतुवाद्यांचा वेगळा गट आहे आणि तो मुद्दाम पाव सुराने उतरवून लावलेला असतो. मास्तर, तुमच्या कानांना हे ऐकवायची मला फार इच्छा आहे. तोच सूर दोन ठिकाणी, पण एक किंचित उतरलेला. श्रुती ओळखणाऱ्या माणसाला तिथे जे ऐकू येईल ते पेटीच्या पट्ट्यांवर मिळणार नाही.

जुन्यांमध्ये विल्यम वॉल्टनचा. लायनेल टर्टिस हा त्या काळचा इंग्लंडमधला सर्वांत मोठा व्हायोलावादक. त्याच्याकडे स्वरलिपी पाठवली तर त्याने फारच आधुनिक म्हणून परत केली. मग १९२९ मध्ये लंडनला तो पहिल्यांदा वाजवला हिंडेमिटने. पुढे टर्टिसला पश्चात्ताप झाला आणि त्यानेही तो वाजवला. आज वॉल्टनचा कन्चेर्टो आम्हाला शिकतानाच समोर ठेवतात, त्यात कुणाला काही आधुनिक वाटत नाही.

आणि मास्तरांसाठी आणखी एक, अगदी छोटं. १९३६ च्या जानेवारीत हिंडेमिट आपला कन्चेर्टो वाजवायला लंडनला आला होता. २० तारखेला रात्री राजा पंचम जॉर्ज वारला, कार्यक्रम रद्द. दुसऱ्या दिवशी बीबीसीने त्याला एका खोलीत बसायला जागा दिली. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ एवढ्यात त्याने व्हायोला आणि तंतुवाद्यांसाठी नवी रचना लिहिली, आणि त्याच संध्याकाळी रेडिओवर स्वतः वाजवली. नाव ‘ट्राउअरमुझीक’, म्हणजे शोकसंगीत. जेमतेम आठ-नऊ मिनिटांची आहे. ऐकून सांगाल?

लय_आयकतो

ताई, तुमी सांगतल्यावर मी इअरफोन घेतले अन् विडमान पुन्ना आयकला. खालची तार आता आयकू आली. जो भाग मले पयले नुसता खडखडाट वाटला होता त्याच्या खालून एक सूर चालू होता, तो मले मालूमच नव्हता. तार आपटते तवाचा लाकडाचा आवाजबी येगळा आयकू येते.

मी कापूस वेचणीवर मजूर आनतो, गाडी चालवतो. दिवसभर गाडीत गानेच लावतो. हे गाडीत नाही चालत. गाडीच्या आवाजात अर्ध जाते. रात्री घरच्यायनं झोपल्यावर आयकतो.

पेटीमास्तर

मधली_तार, ‘ट्राउअरमुझीक’ ऐकलं. त्याच्यावर काय लिहावं हे ठरवायला दोन दिवस घेतले.

आपल्या गावांत कुणी वारलं की रात्री मंडळ जाऊन भजन म्हणतं. घरच्यांना रडू येत असतं, कुणी रडतं, कुणी कोपऱ्यात बसून राहतं. आपण त्यांना उगी करायला जात नाही, फक्त गातो. गाण्यात कसब दाखवायचं नसतं, सूर चुकू द्यायचा नाही एवढंच. ही रचना त्याच जातीची आहे. शेवटी एक साधी, प्रार्थनेसारखी चाल येते, ओळीनंतर थांबते, व्हायोला त्या थांबण्यात दोन शब्द बोलतो आणि चाल पुढे जाते. तिथे मला सा मिळाला, सम मिळाली, सगळं मिळालं.

मधली_तार

मास्तर, तुम्ही ऐकलीत ती जर्मन प्रार्थनेची जुनी चाल आहे, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराने तिला स्वरसाथ बांधली. ‘तुझ्या सिंहासनासमोर मी उभा आहे’ अशा अर्थाची. हिंडेमिटने तीच शेवटी घातली. ती इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तिकडच्या चर्चमध्ये तिला वेगळेच शब्द आहेत. रेडिओ ऐकणाऱ्यांना मात्र ती ओळखीची निघाली.

पेटीमास्तर

मग तर आणखीच बरं.

त्यानंतर मी विडमान पुन्हा ऐकला. ओरडण्याबद्दल माझं मत होतं तेच आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही. पण बाकीच्याबद्दल थोडं वेगळं वाटलं. या वेळी सा शोधणं सोडून दिलं आणि कपाशीवालांनी सांगितलं तसं फक्त हातावर लक्ष ठेवलं. गज आल्यावरचा पहिला लांब सूर ऐकला तेव्हा मला माझे विद्यार्थी आठवले. पेटीवर बोटं फिरवायला सगळ्यांना लगेच येतं. भाता सांभाळून एकच सूर न हलता धरून ठेवायला कितीतरी महिने जातात, आणि तो धरता आला त्या दिवशी मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. या माणसाने तेवढा वेळ श्रोत्याला थांबवलं हे धाडस आहे. मी मैफलीत असं करायला धजलो नसतो.

आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी असते. प्रार्थना झाल्यावर बरेच जण बसलेले असतात, खंजिरीवाले असतात, शाळेतली पोरंही असतात. एखाद्या गुरुवारी तिथे हे लावावं असं मनात आहे. आधी ‘ट्राउअरमुझीक’, मग विडमान. मोठ्या पडद्याची सोय शाळेत आहे, मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत. कपाशीवाला, तुम्ही येऊन सुरुवातीला दोन शब्द सांगाल का? तुम्ही खंजिरीवरून जे लिहिलंत ते आमच्या मंडळींना लगेच कळेल.

कपाशीवाला

मास्तर, नक्की येतो. ओलिताची पाळी दिवसावर आली की कोणताही गुरुवार सांगा. आमचा खंजिरीवालाही सोबत आणतो. आधी त्याला चाचपून दाखवू द्या, मग व्हिडिओ लावू, मला फार बोलावं लागणार नाही.

झाडीतला_प्रेक्षक

मास्तर, एक सुचवतो. पोरांना आधी गोष्ट सांगू नका. तो ओरडणार आहे हेही सांगू नका.

मधली_तार

मीही सुट्टीत वरूडला येणार आहे, तारीख जुळली तर व्हायोला घेऊन येईन. विडमान वाजवण्याइतकी माझी तयारी नाही, पण चारही तारा मोकळ्या वाजवून दाखवेन, पोरांना हातात धरू देईन, हनुवटीच्या पट्टीवर टकटक त्यांनीच करून पाहावी.

नुसतं ऐकवायचं झालं तर तामेस्तीचंच ध्वनिमुद्रण घ्या, डॅनियल हार्डिंगच्या हाताखाली बव्हेरियन रेडिओच्या ऑर्केस्ट्रासोबतचं, हार्मोनिया मुंडी कंपनीने २०१८ मध्ये काढलेलं. त्याच्या हातात अँटोनियो स्ट्राडिव्हारीने १६७२ मध्ये बनवलेला व्हायोला असतो, एका प्रतिष्ठानाने वाजवायला दिलेला. आणि शाळेतला साउंडबॉक्स गणपतीत वापरतात तोच असेल तर त्याचा बेस पार खाली आणा. नाहीतर ढोल आणि ट्यूबा खोलीभर घुमतील आणि व्हायोलाची खालची तार त्यात बुडेल. आदल्या दिवशी एकदा लावून मागच्या भिंतीपाशी उभं राहून ऐका. सुरुवातीची टकटक तिथवर आली पाहिजे, त्या हिशेबाने आवाज ठेवा आणि पंखे बंद करा.

पेटीमास्तर

पंखे तसेही आता बंदच असतात. बेसचं नातवाला सांगून ठेवतो. तारीख ठरली की इथेच टाकतो.